सासूचा पसारा

तांबोरिल गावात सिगारचे कारखाने इतके, की पाहुण्याला पत्ता सांगताना "सिगारच्या कारखान्याशेजारी" असं सांगितलं तर तो बिचारा जन्मभर फिरत राहील. त्यांतल्याच एका कारखान्याचं नाव 'ला सुएग्रा', म्हणजे सासू. हे नाव मालक डॉन फाउस्तो यांच्या वडिलांनी ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की ही सिगार कडक आहे, तिला घाई आवडत नाही आणि एकदा बसली की दोन तास उठत नाही. त्या वेळी त्यांच्या सासूबाई हयात होत्या. त्यांनी हे ऐकून घेतलं आणि पेटीच्या झाकणावर छापायला स्वतःचा फोटो दिला. तो अजून आहे. फोटोत त्या हसत नाहीत.

या सासूचं वजन करण्याचं काम एरिदानिया बातिस्ताकडे होतं. सान्तियागोला जाऊन ती संख्याशास्त्र शिकून आली होती आणि कारखान्याच्या कोपऱ्यात काचेच्या पेटीतला नाजूक काटा घेऊन बसत असे. जवळून कोणी शिंकलं तरी तो काटा चुकायचा, म्हणून तिच्या आसपास फारसं कोणी फिरकत नसे.

रोज सकाळी आत शिरल्यावर ती आधी कोन्फेसोर तावारेसच्या बाकापाशी जाई.

"आशीर्वाद द्या, पाद्रिनो."

"देव तुझं भलं करो, पोरी," कोन्फेसोर पानांतली मान वर न करता म्हणे.

तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांवर धरणारा धर्मपिता, म्हणजे पाद्रिनो, तोच. बाप आणि धर्मपिता यांतला फरक तांबोरिलमध्ये एवढाच, की बापाशी भांडता येतं. असा आशीर्वाद घेऊन झाला की एरिदानिया काट्यापाशी जायची आणि त्याच माणसाच्या सिगारींचं वजन करायला बसायची.

सिगार एकट्यानं होत नाही, जोडीनं होते. कोन्फेसोर आतली पानं मुठीत जमवायचा, त्यांवर बांधणीचं पान गुंडाळायचा आणि ते साच्यात दाबून ठेवायचा. साच्यातून निघालं की शेजारी बसलेली दिग्ना त्यावर शेवटचं तलम पान चढवून टोक बंद करायची. ही जोडी तीस वर्षं एका बाकावर बसली होती आणि तीस वर्षं एकच भांडण चालवत होती. दिग्नाचं म्हणणं, आत काय कोंबलंय ते देवाला ठाऊक, मी फक्त कपडे चढवते. कोन्फेसोरचं म्हणणं, कपड्यांना कोणी पेटवत नाही.

सगळं सुरळीत चाललं असताना ब्रेमेनहून ल्यूडर्ससाहेबांचा फोन आला. सासूचे ते सगळ्यांत जुने गिऱ्हाईक. ते रागावत नसत, हीच त्यांची भीती होती. त्यांनी शांतपणे सांगितलं, की एकाच पेटीतली एक सिगार ओढली तर उघड्या खिडकीतून वारा यावा तसा धूर येतो, आणि दुसरी ओढली तर भिंत चोखल्यासारखं वाटतं.

डॉन फाउस्तोंनी फोन ठेवला आणि त्याच आठवड्यात आतली जुडी बांधणारं यंत्र आणलं. फार मोठं नव्हतं. एक कापडी पट्टा आणि एक दांडा. पानं घालायची, दांडा ओढायचा, जुडी तयार. दांडा ओढायला विल्किनला बसवलं. विल्किनचं नुकतंच लग्न झालं होतं आणि बायकोला दिवस गेले होते. तो इतका धार्मिक, की सिगारच्या कारखान्यात काम करूनही त्यानं सिगारला ओठ लावलेला नव्हता. त्याच्या पाद्रींनी निकाल दिला होता, की वळण्यात पाप नाही, ओढण्यात आहे.

"दोन माणसं ठेवायला माझी ना नाही," डॉन फाउस्तो एरिदानियाला म्हणाले, "पण सासूसाठी जुडी बांधणारा एकच पाहिजे. हात नाहीतर यंत्र. यंत्र जिंकलं तर कोन्फेसोरला वरच्या माळ्यावर लेबलं चिकटवायला पाठवू."

एरिदानियानं माळ्याच्या जिन्याकडे पाहिलं. वरचा माळा म्हणजे कागद, डिंक आणि भिंतीवर 'धूम्रपान सक्त मना'ची पाटी. पाद्रिनोच्या तोंडात सिगार नाही असं तिनं त्याला फक्त चर्चमध्ये पाहिलं होतं, आणि तिथेही ती त्याच्या खिशात असायची.

"तू सरासरी काढ," डॉन फाउस्तो म्हणाले. "ज्याची सरासरी बरोबर, तो राहील."

"सरासरी दोघांची बरोबरच येईल. डॉन फाउस्तो, तुम्हाला दोन मेहुणे आहेत ना?"

"आहेत. माझा त्यात दोष नाही."

"रविवारी बाराला जेवायला बोलावलं की एक नेहमी बाराच्या ठोक्याला येतो. दुसरा एका रविवारी अकराला येतो, पुढच्या रविवारी एकला. सरासरी दोघांचीही बारा."

"अकराला येतो तेव्हा माझी बिअर संपवतो, आणि एकला येतो तेव्हा भात गार झाला म्हणून बायकोला बोलतो."

"हाच तो पसारा. पुस्तकात त्याला प्रचरण म्हणतात. ब्रेमेनच्या साहेबांची तक्रार सरासरीबद्दल नाहीच, पसाऱ्याबद्दल आहे. आत पानं कमी पडली की सिगार हलकी आणि मोकळी, जास्त झाली की जड आणि गच्च. मी पाद्रिनोच्या पन्नास सिगारी तोलते, विल्किनच्या पन्नास तोलते. दोघांचा पसारा काढते आणि मोठ्याला छोट्यानं भागते. दोघं सारखे असतील तर उत्तर एकाच्या आसपास येतं."

"आणि नसतील तर?"

"तर वर जातं. थोडंसं वर योगायोगानंही जातं, म्हणून कोष्टकात मर्यादा दिलेली असते. पन्नास-पन्नाससाठी एक पूर्णांक सहा. त्याच्या वर गेलं की मग योगायोगाला दोष देता येत नाही."

डॉन फाउस्तोंना ही चाचणी आवडली. योगायोगाला दोष देणारी माणसं त्यांच्या कारखान्यात पुष्कळ होती.

एरिदानियानं सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. पानं एकाच ढिगातली, साचे एकाच लाकडाचे, आणि दोघांच्या जुड्यांवर शेवटचं पान चढवणारी दिग्ना एकटीच, म्हणजे फरक पडला तर तो आतल्या जुडीचाच. "म्हणजे दुप्पट काम मला आणि परीक्षा यांची," दिग्ना म्हणाली. सिगारी पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यात फितीनं बांधतात, त्याला अर्धं चाक म्हणतात. पूर्ण चाक तांबोरिलमध्ये कोणी बांधताना दिसत नाही आणि का, ते कोणी विचारत नाही. संध्याकाळी एरिदानियाच्या टेबलावर दोन अर्धी चाकं आली. एक हाताचं, एक यंत्राचं.

सरासरी जवळजवळ सारखी आली. मग तिनं यंत्राचा पसारा हाताच्या पसाऱ्यानं भागला. उत्तर दोनाच्या थोडं वर. तिनं पुन्हा भागून पाहिलं. पुन्हा तेच. यंत्राचा पसारा हाताच्या दुप्पट, आणि योगायोगाला दोष देण्याची सोय नाही.

बातमी बाकांवरून अशी पसरली, की ती सांगायला एरिदानियाला खुर्चीवरून उठावंही लागलं नाही. गेटवरचा चौकीदार थंड बिअर घेऊन आला. कोणीतरी रेडिओ मोठा केला. डॉन फाउस्तोंनी कोन्फेसोरचा उजवा हात वर धरून सगळ्यांना दाखवला, जणू तो नुकताच आयात केला होता.

"हे यंत्र परत पाठवा," ते म्हणाले.

विल्किन दांड्याला हात लावून उभा होता. "मी काय करू, डॉन फाउस्तो? मलाही परत पाठवणार?"

"तुझं बघू," डॉन फाउस्तो म्हणाले. ज्यांचं बघू म्हटलं जातं, त्यांना घरी जाताना काय वाटतं ते विल्किनच्या चालण्यात दिसलं.

कोन्फेसोरनं धर्मकन्येच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "पोरी, तुझ्या त्या भागाकारावर माझा पहिल्यापासून विश्वास होता."

"तुम्ही काल म्हणालात की हा जादूटोणा आहे."

"जादूटोण्यावर माझा विश्वास आहेच."

दुसऱ्या दिवशी एरिदानियानं ब्रेमेनला पाठवायला चित्र काढलं. एका आडव्या रेघेवर प्रत्येक सिगारीच्या वजनाचा एक ठिपका, एकसारखी वजनं आली की ठिपक्यावर ठिपका. विल्किनची झाली टेकडी, मध्ये उंच आणि दोन्हीकडे हळूहळू उतरत गेलेली, शेवटी दोनचार ठिपके रस्ता चुकल्यासारखे लांब. अशी टेकडी पुस्तकात असते. कोन्फेसोरचा झाला पाव. मध्ये उंच, आणि दोन्ही बाजूंना सुरीनं कापल्यासारखा सरळ कडा. फार जड एकही नाही. फार हलकी एकही नाही.

ती त्या पावाकडे बराच वेळ बघत राहिली. देवानं बनवलेल्या गोष्टींना कडा नसतात, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण पटलेलं होतं. मग वाटलं, हात चांगला असेल पाद्रिनोचा. चांगला असायलाच पाहिजे. तीस वर्षं झाली.

तो चांगला हात बघायला ती स्टूल घेऊन त्याच्या बाकाशी जाऊन बसली.

कोन्फेसोरनं दोन जुड्या बांधल्या, हात पुसले आणि दिग्नाच्या तयार ढिगाऱ्यातून एक सिगार उचलली. तळव्यावर झुलवली, परत ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. तिसरी झुलवून तोंडात घातली आणि काडी ओढली.

"ही का, पाद्रिनो?"

"हलकी आहे. सकाळी हलकी बरी. जड घेतली तर कॉफी गार होईपर्यंत संपत नाही."

"आणि दुपारी?"

"दुपारी जड. बेसबॉलची मॅच असते ना रेडिओवर. परवा नऊ डावांत संपायची ती बारा डाव चालली, पण मी शोधून अशी घेतली होती की शेवटच्या फटक्यापर्यंत पुरली."

"आणि चौकीदारालाही याच ढिगाऱ्यातली देता?"

"त्याला जड देतो. रात्रभर जागायचं असतं त्याला." कोन्फेसोरनं धूर सोडला. "दिग्नाला हलकी. तिला खोकला आहे."

"मी हिला कपडे चढवायचे आणि यानं गावाला वाटायची," दिग्ना म्हणाली. "मी काय शिवणकाम करते काय?"

कारखान्याची रीत अशी, की वळणाऱ्यानं कामाच्या वेळात आपल्या बाकावरची हवी तितकी ओढावी, हवी त्याला द्यावी. ती ढिगाऱ्यात धरत नाहीत. तांबोरिलमध्ये बाकावर ओढलेली सिगार कोणी बनवलेली समजतच नाही, श्वास घेतलेली हवा जशी कोणी मोजत नाही तशी. एरिदानिया इथंच लहानाची मोठी झाली होती. तिनंही मोजली नव्हती. विल्किन ओढत नव्हता, त्यामुळे त्याच्या अर्ध्या चाकात त्याच्या सगळ्या सिगारी होत्या, शहाण्याही आणि फार जड, फार हलक्या अशा वेड्याही. पाद्रिनोच्या फक्त शहाण्या उरल्या होत्या. सासू इतकी मोठी, की दिवसाला साठेकच होतात. त्यांतल्या वेड्या सकाळच्या कॉफीबरोबर, दुपारच्या मॅचबरोबर आणि चौकीदाराबरोबर धुरात गेल्या होत्या.

तिच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की नमुना न निवडता घ्यावा. पुस्तक लिहिणारा तांबोरिलला आला नव्हता.

आता गप्प बसलं तर पाद्रिनो बाकावर राहतो. बोललं तर कदाचित माळ्यावर. पण गप्प बसलं तर विल्किनचं 'बघू' होतं. दिवसभर तिचा काटा चुकत राहिला आणि कोणी शिंकलं नव्हतं.

सुटी झाल्यावर ती कोन्फेसोरबरोबर चालत त्याच्या घरापर्यंत गेली. दारात त्यानं दोन खुर्च्या काढल्या. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत होता. ऐकताना सिगार विझली, ती त्यानं पुन्हा पेटवली नाही, त्यावरून तिला कळलं की त्याला कळलंय.

"म्हणजे मी पुरावा ओढला," तो शेवटी म्हणाला.

"तसंच काहीसं."

"पोरी, मी तीस वर्षांत कोणाला फसवलं नाही."

"फसवलं नाहीत, पाद्रिनो. आवडीनिवडी आहेत तुमच्या, एवढंच."

"आणि हे तू फाउस्तोला सांगणार."

"हो."

"मला विचारायला आली नाहीस. सांगायला आलीस."

"आशीर्वाद मागायला आले."

कोन्फेसोर रस्त्याकडे बघत राहिला. समोरून विल्किन बायकोला घेऊन जात होता. तिनं लांबूनच हात केला. विल्किननं केला नाही.

"देव तुझं भलं करो," कोन्फेसोर कुरकुरत म्हणाला. "आणि माझंही थोडं करो म्हणावं, जमलं तर. मी येतो उद्या तुझ्याबरोबर. माझ्या माघारी माझ्या ओढण्याबद्दल बोललेलं मला चालणार नाही."

डॉन फाउस्तोंना समजायला वेळ लागला नाही. त्यांना राग यायला लागला.

"म्हणजे चाचणी चुकली?"

"चाचणी बरोबर होती," एरिदानिया म्हणाली. "सिगारी चुकल्या. मी पाद्रिनोचा हात मोजायला गेले आणि तोंड मोजून आले."

"कोन्फेसोर, तू दिवसाला माझ्या किती सासवा जाळतोस?"

"तुझ्या वडिलांनी ही मुभा दिली, फाउस्तो. ते स्वतः माझ्या ढिगाऱ्यातली न्यायचे. जड आवडायची त्यांना."

वडिलांचं नाव निघाल्यावर डॉन फाउस्तोंनी राग गिळला. परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरलं. या वेळी एरिदानियानं काटाच उचलून दिग्नाच्या बाकावर आणला. दिग्नाच्या हातातून सिगार सुटली की ढिगाऱ्यात जायच्या आधी काट्यावर. दोघांच्याही पहिल्या पन्नास, एकही न वगळता. त्यानंतर कोणी ओढो, वाटो, उशाशी घेऊन झोपो.

त्या दिवशी कारखान्यात काम कमी आणि चर्चा जास्त झाली. काट्याला धक्का लागू नये म्हणून पंखे बंद होते. चौकीदार गेट सोडून आत आला होता. कोन्फेसोर बिनसिगारीचा बसला होता आणि दाढी काढलेल्या माणसासारखा अनोळखी दिसत होता. त्याला ओढायला मनाई नव्हती, पण काट्यावरून उतरलेली एक हलकी सिगार समोर असूनही त्यानं उचलली नाही.

"घ्या की, तोललीय ती," विल्किन पलीकडून म्हणाला.

"परीक्षेच्या दिवशी उपास असतो माझा. तू प्रार्थना केलीस का?"

"केली."

"माझ्या विरुद्ध?"

"नाही हो. मी फक्त दांडा अडकू नये म्हणून केली."

"मग माझ्यासाठीही एक कर. मला दांडाच नाही."

विल्किननं खरोखरच डोळे मिटले. दिग्नानं दोघांकडे बघून मान हलवली आणि आणखी एकीला कपडे चढवले.

शेवटची सिगार काट्यावरून उतरली. एरिदानियानं आकडे मांडले. या वेळी हाताचीही टेकडी झाली, उतरती, कडेला दोनचार वेड्या. मोठा पसारा हाताचा निघाला. तिनं तो यंत्राच्या पसाऱ्यानं भागला आणि उत्तराकडे बघितलं. मग कोन्फेसोरकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. माळ्याकडे जाणाऱ्या जिन्याकडे बघत होता.

"एक पूर्णांक दोन," ती म्हणाली. "मर्यादा एक पूर्णांक सहा."

"म्हणजे कोण जिंकलं?" डॉन फाउस्तोंनी विचारलं.

"कोणी नाही. एवढा फरक योगायोगानंही पडतो."

"म्हणजे दोघं सारखे?"

"तसंही मी म्हणत नाही. वेगळे आहेत असं म्हणायला पुरावा नाही."

डॉन फाउस्तोंनी तिच्यापुढे पेन धरलं. "हे वाक्य मला लिहून दे. घरी उपयोगी पडेल." मग कपाळ चोळत ते म्हणाले, "पण ब्रेमेनला काय सांगू? यंत्रानं पेटी सुधारत नाही, हातानं सुधारत नाही. साहेब भिंत चोखत बसलेत तिकडे."

"पहिल्या दिवसाचं अर्धं चाक पाठवा," एरिदानिया म्हणाली. "ते एकसारखं आहे."

"अगं, ते यानं ओढून एकसारखं केलंय."

"ओढून नाही, निवडून. ओढणं नंतरचं. पाद्रिनोंनी दोन्ही बाकांवरच्या सिगारी तळव्यावर झुलवायच्या, सकाळच्या आणि दुपारच्या वेगळ्या काढायच्या. राहतील त्या पेटीत. जुड्या हात बांधो नाहीतर यंत्र."

"आणि वेगळ्या काढलेल्या सगळ्या हा ओढणार? दोन्ही बाकांच्या? मरेल तो."

"मी प्रयत्न करीन," कोन्फेसोर म्हणाला.

"काही गरज नाही," दिग्ना म्हणाली. "वेगळ्या गेटवर विकायच्या. आणि नाव ठेवायचं 'ला नुएरा', सून. मला तीन सुना आहेत. एक दुसरीसारखी नाही, आणि तिघींवाचून घर चालत नाही."

डॉन फाउस्तोंनी पेटीवरच्या फोटोकडे पाहिलं, जणू परवानगी मागितली. फोटो हसला नाही, पण नाही असंही म्हणाला नाही.

दोन्ही बाकं राहिली. विल्किनला मुलगी झाली आणि धर्मपित्याच्या जागी कोन्फेसोर उभा राहिला, खिशात सिगार घेऊन. ब्रेमेनहून ल्यूडर्ससाहेबांचा फोन आला, की पेटीत सगळ्या सख्ख्या बहिणी आहेत. तो आनंदाचा फोन होता की नाही हे त्यांच्या आवाजावरून कळलं नाही, पण त्यांनी मागणी वाढवली. सून गेटवर इतकी खपायला लागली, की चौकीदाराला गेट सांभाळायला वेळ मिळेना. गावातले लोक ती घेताना तळव्यावर झुलवून बघतात आणि आपल्या स्वभावाला जुळेल ती निवडतात.

एक दिवस सकाळी एरिदानिया नेहमीप्रमाणे आशीर्वाद मागायला गेली. कोन्फेसोर आपल्या जागी होता, दिग्ना त्याच्या शेजारी, रेडिओ चालू. पण त्याच्या चेहऱ्यावर नाराजी होती.

"काय झालं, पाद्रिनो?"

"वेड्या सगळ्या गेटवर जातात. मला आता पेटीतलीच ओढावी लागते." त्यानं हातातली सिगार झुलवून दाखवली. "कालची अशीच होती. परवाचीही. उद्याची कशी असणार ते मला आजच ठाऊक आहे."

"मग चांगलंच की. साहेबांना तेच हवं होतं."

"साहेब पेटीतली एकदा ओढतो, पोरी. मला दिवसभर ओढायची असते. मॅच कधी संपणार ते ठाऊक नाही, आणि सिगार कधी संपणार ते ठाऊक आहे. माणसानं जगायचं कसं?"

एरिदानियानं इकडेतिकडे पाहिलं, खिशातून एक सून काढली आणि त्याच्या पानांच्या ढिगाऱ्याखाली सरकवली. कोन्फेसोरनं ती तळव्यावर झुलवली आणि त्याचे डोळे उजळले.

"देव तुझं भलं करो," तो म्हणाला. "किती जड आहे ही."

"बारा डावांची आहे," एरिदानिया म्हणाली आणि काट्याकडे गेली.